राखून ठेवलेली जागा

खेळाडूंच्या मनःस्वास्थ्याविषयी अलीकडे मोकळेपणाने बोलले जाते. २०२१ मध्ये नाओमी ओसाकाने फ्रेंच ओपन पहिल्या फेरीनंतर सोडली, त्याच वर्षी टोकियोत सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरीतून अंग काढून घेतले आणि जगाने, थोडी कुरकुर करून का होईना, ते समजून घेतले. हे चांगलेच झाले. पण या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. स्पर्धेचा ताण वेगळा आणि माणसाचा वास्तवाशी असलेला धागाच तोडणारा गंभीर मनोविकार वेगळा. पहिल्याला आज टाळ्या मिळतात. दुसऱ्याच्या वाट्याला अजूनही कुजबुजच येते.

बेसबॉलपटू जिमी पिअरसॉलची गोष्ट म्हणूनच आठवावी अशी आहे. १९५२ साली बोस्टन रेड सॉक्स या नामांकित संघात तो २२ वर्षांचा होतकरू खेळाडू होता. त्याला नेहमीची जागा सोडून शॉर्टस्टॉपच्या जागी खेळवायचे ठरले, आणि आपल्याला काढून टाकण्याचाच हा डाव आहे असे त्याच्या मनाने घेतले. हाणामाऱ्या, पंचांशी वाद, भर मैदानात माकडचेष्टा सुरू झाल्या. प्रेक्षक हसत होते. त्यांना तो विदूषक वाटला. संघाने त्याला खालच्या श्रेणीतल्या बर्मिंगहॅम संघात पाठवले, तिथेही तेच घडले. अखेर जुलैमध्ये तो मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरोच्या सरकारी मनोरुग्णालयात पोहोचला. त्या वर्षातले कित्येक महिने त्याच्या स्मरणातून पुसले गेले.

असे विकार नेमके याच वयात का गाठतात, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आयुष्यात केव्हा ना केव्हा होणाऱ्या मनोविकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश विकारांची सुरुवात चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. पुरुषांमध्ये स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आसपास डोके वर काढतो. खेळाडूची कारकीर्द घडण्याचे वयही हेच. सराव टाळणे, झोप उडणे, चिडचिड, सहकाऱ्यांवर संशय ही लक्षणे दिसतात, तेव्हा प्रशिक्षक म्हणतो, ‘पोराच्या डोक्यात हवा गेली’, आणि घरचे म्हणतात, ‘नजर लागली’. निदानापूर्वीचे मोलाचे महिने असे निघून जातात.

उपचारही खेळाडूसाठी सोपे नसतात. काही औषधांनी वजन वाढते, काहींनी सुस्ती येते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाणी आणि क्षार गेले, तर रक्तातील औषधाचे प्रमाण धोकादायक होऊ शकते. मनोविकारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक यांनी एकमेकांशी बोलण्यावाचून इथे गत्यंतर नाही.

पिअरसॉल १९५३ मध्ये परतला. त्या जूनमध्ये एका सामन्यात त्याने सहा यशस्वी फटके मारले. प्रतिस्पर्धी संघांचे प्रेक्षक त्याला वेडा म्हणून डिवचत राहिले, तरी तो १९६७ पर्यंत खेळला, आणि उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याने दोनदा मिळवला. १९५५ मध्ये त्याने आपल्या आजाराविषयी पुस्तक लिहिले. १९५७ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. पडद्यावर साऱ्याचा दोष महत्त्वाकांक्षी बापावर आला, हे पिअरसॉलला मुळीच रुचले नाही. त्याच्या आईलाही मनोरुग्णालयात राहावे लागले होते, म्हणजे आनुवंशिकतेचा धागा उघड होता. पण आजाराला कारण नव्हे, आरोपी लागतो, ही समाजाची जुनी खोड आहे.

तो सावरला याची कारणे दोन. वेळेवर मिळालेले उपचार, आणि संघाने राखून ठेवलेली त्याची जागा. याउलट लायनेल ऑल्ड्रिजचे झाले. ग्रीन बे पॅकर्सच्या विजेत्या संघातला हा अमेरिकन फुटबॉलपटू निवृत्तीनंतर स्किझोफ्रेनियाने ग्रासला गेला, तेव्हा मागे उभा राहायला संघ नव्हता. त्याने काही वर्षे रस्त्यावर काढली. पुढे तो उपचारांनी सावरला आणि १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत इतर रुग्णांसाठी बोलत राहिला.

आपल्याकडे काय? बँका, रेल्वे, पोलीस दलात खेळाडूंच्या भरतीची जुनी परंपरा आहे. बँकेत असताना असे अनेक तरुण मी पाहिले. दुपारी मैदानावर, सकाळी काउंटरवर. त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेचा अर्ज सरळ मंजूर होई. मनाच्या आजाराचा अर्ज मात्र ‘पोटदुखी’ या नावाने येई. आज कायदा बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकाराचा समावेश आहे, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये, त्याची पदावनती करू नये, असे त्यात म्हटले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही विमासंरक्षण देण्याचे बंधन घातले. तो २०१८ मध्ये लागू झाला, तरी २०२२ मध्ये विमा नियामकाला कंपन्यांना पुन्हा बजावावे लागले. यातच सारे आले.

आणि हे झाले नोकरी मिळालेल्यांचे. जिल्हा पातळीवर धावणारी, कबड्डी खेळणारी, अजून कुठल्याच हजेरीपटावर नसलेली मुले कोणत्या कायद्याच्या छत्राखाली येतात? एका हंगामाच्या गैरहजेरीने त्यांचे नाव शिबिराच्या यादीतून जाते, आणि आजारातून उठल्यावर परत जायला ठिकाण उरत नाही. क्रीडा संघटनांनी एवढे करावे: दुखापतग्रस्त खेळाडूला जी मुदत देतात, तीच मनाने आजारी पडलेल्यालाही द्यावी. प्रत्येक जण पूर्वीसारखा खेळेलच असे नाही. पण आपली जागा अजून आहे, हे कळणे हासुद्धा बरे होण्याचा भाग असतो.