आष्ट्याचा मुसलमान पडद्यावर कुठाय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये 'हक' थिएटरात लागला, तेव्हा आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ऑडिओ आला. सिनेमा बघू नका, शरियतची बदनामी आहे, पुढं पाठवा. दुपारपर्यंत त्याखाली तीसेक अंगठे पडले. मी एवढंच विचारलं, की आपल्यापैकी कुणी पाहिलाय का? अंगठे थांबले. मग एका चाचांनी लिहिलं, "देखने की जरूरतच क्या हाय? इंजिनियर हुवा तू, इत्ता समजता नई क्या?"

मी पाहिला. शहाबानो प्रकरणावर बेतलेला सिनेमा आहे, यामी गौतमनं काम मनापासून केलंय. त्यातली बाई आपला हक धर्माबाहेर जाऊन मागत नाही, धर्माच्या आतूनच मागते. बदनामी कुठं आहे ते मला सापडलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. खऱ्या शहाबानोला १९७८ साली तलाक मिळाला तेव्हा ती ६२ वर्षांची होती, पाच मुलांची आई. नवरा इंदूरचा वकील. खालच्या कोर्टानं महिना २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयानं ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि एवढ्याशा रकमेविरुद्ध हा गृहस्थ सुप्रीम कोर्टात गेला. २३ एप्रिल १९८५ ला तिथंही हरला. सिनेमानं या म्हातारीला तरुण, देखणी केलं. सुरकुतलेली बाई अडीच तास कोण बघणार, असा हिशोब असावा. मला तीच बघायची होती. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात ती बसलेली आहे.

पण हा सिनेमा चाळीस वर्षांनी, मुंबईच्या मोठ्या बॅनरनं का काढावा? १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा मंत्रालयावर नेला, तो आपल्या महाराष्ट्रात. तलाक मुक्ती मोर्चा १९८५ साली निघाला तो आमच्या शेजारच्या कोल्हापुरातून. दगड खाल्ले ते आपल्याच माणसांनी, मारले तेही आपल्याच माणसांनी. यावर कुणा मराठी मुसलमान पोरानं केलेला सिनेमा मी तरी पाहिलेला नाही. गोष्ट आपण सांगायची नाही, दुसऱ्यानं सांगितली की त्याचा हेतू तपासायचा, हा धंदा आपण किती दिवस चालवणार आहोत?

आता कुणी म्हणेल, हा सगळं खापर आपल्याच डोक्यावर फोडतोय. तर समोरच्यांचाही हिशोब घेऊ. 'द केरला स्टोरी'च्या टीझरमध्ये ३२ हजार मुलींचा आकडा होता. प्रकरण कोर्टात गेल्यावर निर्मात्यांना मान्य करावं लागलं, की या आकड्याला पुरावा नाही. तोवर तो आकडा आमच्या गल्लीतल्या पोरांच्या तोंडीसुद्धा बसला होता. 'छावा' मी सांगलीत शाळेतल्या मित्राबरोबर पाहिला. शेवटची वीस मिनिटं मी पडद्याकडं कमी आणि आजूबाजूच्या खुर्च्यांकडं जास्त बघत होतो. औरंगजेब माझा कुणी लागत नाही, संभाजी महाराजांच्या हालांनी माझ्याही पोटात कालवलं. तरी दिवे लागल्यावर मान वर करायला मला वेळ लागला. मित्रानं खांद्यावर हात ठेवला, बोलला काही नाही. पुढच्याच महिन्यात नागपूर पेटलं. सिनेमा म्हणजे निव्वळ करमणूक, हे मला कुणी सांगू नये.

मात्र या विषावर आपण जो उतारा मागतो, तोही मला चालत नाही. आपल्याला 'चांगला मुसलमान' हवा असतो. 'मुल्क' (२०१८) आपल्या लोकांनी डोक्यावर घेतला. ऋषी कपूरचं काम उत्तमच आहे. पण त्या घराला दोन तास कोर्टात उभं राहून स्वतःची देशभक्ती सिद्ध करावी लागते, आणि आपण टाळ्या वाजवतो. आरोपी निर्दोष सुटला याच्या टाळ्या. आरोपीच्या पिंजऱ्यात त्याला मुळात कुणी नेलं, हा प्रश्न टाळ्यांत विरून जातो.

त्याआधीची पिढी नवाबांवर खूश होती. आमच्या घरी 'मेरे महबूब', 'चौदहवीं का चाँद', 'पाकीज़ा' हे सणासुदीचे सिनेमे. अब्बा म्हणायचे, बघा, ही आपली तहजीब. मी इकडंतिकडं बघायचो. घराबाहेर म्हैस बांधलेली, उसाची ट्रॉली रस्त्यावरून चाललेली, दादी नऊवारीत. आमच्या घरात कधी कुणी कुणाला 'आदाब' केलेला मला आठवत नाही. आम्ही बोलायचो दखनी, तीही निम्मी मराठीत भिजलेली. ही जबान पडद्यावर कशी आली? 'गुमनाम'मध्ये (१९६५) मेहमूदच्या तोंडी, हसण्यासाठी. श्याम बेनेगलांनी 'अंकुर'मध्ये (१९७४) दखनी बोली माणसांच्या साध्या बोलण्यासाठी वापरली, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, की अरे, आपल्या घरातलं बोलणं पडद्यावर रडूही शकतं. लखनौची शेरवानी आपण भाड्यानं आणून घातली आणि तिलाच चामडी समजून बसलो. तिच्यापायी स्वतःच्या बोलीची लाज वाटायला लागली, हे नुकसान 'केरला स्टोरी'नं केलेलं नाही.

महिन्याभरापूर्वी 'शेजारी' पुन्हा पाहिला. प्रभातचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित, १९४१ चा. एका गावात जिवबा पाटील आणि मिर्झा हे म्हातारे मित्र. बुद्धिबळ खेळतात, भांडतात, परत बसतात. धरण बांधणाऱ्या भांडवलदाराला गावाची जमीन हवी असते, म्हणून तो दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं, तेव्हा दोघं एकमेकांचा हात धरून जातात. मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी केलंय. हिंदी 'पडोसी'त तर शांतारामांनी गंमत केली. मिर्झा जागीरदारच, पण हिंदू ठाकूर झालाय मझहर खान. आज एखाद्यानं अशी पात्रयोजना केली, तर दोन्ही बाजूंचे ट्रोल रात्रीत जागे होतील. सिनेमा भाबडा आहे, भाषणं लांबतात. पण त्यातला मिर्झा गावचा आहे. त्याला शेत आहे, इभ्रत आहे, खोड आहे, चूकसुद्धा आहे. त्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. पंच्याऐंशी वर्षं होत आली. आष्ट्याच्या माणसाला ओळखता येईल असा मुसलमान पडद्यावर शोधायला मला १९४१ सालापर्यंत मागं जावं लागतं.

मधल्या काळात काहीच नाही असं नाही. 'गर्म हवा' तुम्ही पाहिला नसेल, तर हा लेख इथंच ठेवा आणि आधी तो बघा. सईद अख्तर मिर्झांचा 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) मी दर दोन वर्षांनी बघतो. त्यातला मला आवडतो तो अस्लम, उर्दू छापखान्यात प्रूफं तपासणारा. किरकोळ पगार, साधा शर्ट, आणि सलीमसारख्या टपोरीला विचारात पाडण्याची ताकद. आपल्या प्रत्येक गावात असा एखादा अस्लम असतो. जमातीच्या मीटिंगमध्ये त्याला बोलू देत नाहीत.

मराठीत? 'सैराट'मधला सल्या मला फार जवळचा, कारण तो दोस्त आहे आणि बास. त्याचं मुसलमान असणं नागराज मंजुळे कुठं अधोरेखित करत नाहीत. तो परश्याबरोबर धावतो, मार खातो, करमाळ्याची भाषा बोलतो. पण सल्याच्या घरात कॅमेरा शिरत नाही. शिवाजी लोटन पाटलांच्या 'हलाल'मध्ये (२०१७) शिरतो. राजन खानांच्या कथेवरचा हा सिनेमा, म्हणजे लिहिणारा बाहेरचा होता ही सबब इथं चालत नाही. त्या बाईकडं माणूस म्हणून बघणं, ही त्यातली खरी ताकद. विषयाला विरोध करणाऱ्यांना माझा सवाल एवढाच, की हलाला आपल्यात होतच नाही असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल का? मात्र सिनेमावाल्यांनाही सवाल आहे. मुसलमानाच्या घराला तलाकशिवाय दुसरं दार नाही का? मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात भोपळे वाळत टांगलेले असतात. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेच्या मातीतच विसावलेत. कडेगावचे ताबूत बघायला सगळा जिल्हा लोटतो आणि ते उचलायला हिंदूंचे खांदे असतात. यातली एक तरी गोष्ट कुणी पूर्ण सांगितली का?

या सगळ्यात 'होमबाउंड' मला आतून हलवून गेला. नीरज घेवानच्या सिनेमातले शोएब आणि चंदन, एक मुसलमान, एक दलित, पोलीस भरतीची स्वप्नं बघणारे. आमच्याकडं पहाटे पाचला इस्लामपूर रस्त्यावर धावणारी पोरं बघा, त्यात दोघंही सापडतील. क्रिकेट मॅचच्या निमित्तानं शोएबला जे टोमणे बसतात, ते मी एका ऑफिसात हसत हसत गिळलेत. त्यानं नोकरी सोडली, मी हप्ते भरत राहिलो. सिनेमाच्या मुळाशी मे २०२० मधला खरा प्रसंग आहे. सुरतेहून गावी निघालेला एक मित्र रस्त्याकडेला दुसऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, तो. या सिनेमावर बहिष्काराचा ऑडिओ आमच्या ग्रुपवर आला नाही. पाहिल्याचंही कुणी लिहिलं नाही.

केरळात मलप्पुरमच्या झकारिया मोहम्मदनं 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' (२०१८) केला. गावाकडची फुटबॉल टीम, जायबंदी होऊन घरात पडलेला परदेशी खेळाडू, त्याची सेवा करणाऱ्या दोन म्हाताऱ्या, आणि सावत्र बापाशी न बोलणारा मुलगा. सगळे मुसलमान, सगळे मलयाळी, कुणी दहशतवादी नाही आणि कुणी फरिश्ताही नाही. पुढं २०२० मध्ये त्यानंच 'हलाल लव्ह स्टोरी' काढला. एक धार्मिक संघटना नियमांत बसणारा सिनेमा काढायला निघते आणि तिची जी त्रेधा उडते, त्यावर. स्वतःच्या जमातीवर असं प्रेमानं हसायला जिगर लागते. त्यांच्याकडं ती कुठून आली? त्यांना मलयाळम आपली वाटते. आपण मराठीत शिकतो, मराठीत भांडतो, आणि 'आपलं' म्हणून काही सांगायची वेळ आली की न येणारी उर्दू शोधायला लागतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. माझ्या खालाची मुलगी इंजिनियरिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. गेल्या उन्हाळ्यात तिनं मोबाइलवर नऊ मिनिटांचा सिनेमा केला. विषय आमची नानी. नानीचं माहेर मणेरांचं. तरुणपणी ती वाडीवस्तीवर बांगड्या भरायला जायची. कुठल्या पाटलिणीच्या लग्नात चुडा भरला, बाळंतिणीच्या हातात कुठल्या बांगड्या भरायच्या, मनगट कसं दाबलं की दुखत नाही, हे ती दखनीतून सांगते, मधेच मराठीत शिरते, आणि बोलता बोलता नातीच्या हातात बांगडी सरकवते. एवढाच सिनेमा. मी शेकड्यानं सिनेमे पाहिलेत, त्यातल्या कितीतरींपेक्षा हा चांगला आहे.

तिनं तो यूट्यूबवर टाकला. चौथ्या दिवशी दोन बुजुर्ग घरी आले. बाईचा चेहरा दिसतोय, मागं संगीत आहे, उद्या मुलीचं लग्न ठरवताना लोक विचारतील. खालूंनी मला फोन केला, कारण 'तेरेकू पिच्चर का समजता'. मी काय म्हणालो? म्हणालो, दोन दिवस प्रायव्हेट करून ठेव, वातावरण शांत होऊ दे. मीच ते बटण दाबायला सांगितलं. आठ महिने झाले, वातावरण शांतच आहे. वर मी बॉलिवूडला शिव्या घातल्या, चाचांच्या ऑडिओला नावं ठेवली. हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय, की आमच्या घरातला एकुलता एक सिनेमा बंद पाडण्यात माझाही हात आहे. ती आता माझ्याशी सिनेमावर बोलत नाही. कोडिंगच्या शंका तेवढ्या विचारते.

येत्या रविवारी मी खालूंकडं जाणार आहे. हा लेख त्यांना आधीच पाठवलाय, म्हणजे ऐनवेळी मला माघार घेता येणार नाही. ऑफिसातला प्रोजेक्टर मागून घेतलाय, भिंतीला चादर खाला लावेल. त्या दोन बुजुर्गांनाही बोलावलंय, बसून नऊ मिनिटं बघा आणि मग बोला म्हणून. नानीला अजून वाटतं, की तिचा पिच्चर मोबाइलमधून कुणीतरी चोरून नेला.