दत्तक देश व दत्तकाचा हक्क

दत्तकविधान म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकांस उलगडून सांगण्याचे कारण नाही. पोटचा नसलेला मुलगा एकदा विधिपूर्वक मांडीवर घेतला की तो त्या घराचा झाला. जन्मकुळाशी असलेले त्याचे नाते कायद्याच्या दृष्टीने तुटते, आणि दत्तक घेणाऱ्यासही पुढे मन पालटले म्हणून त्यास परत धाडता येत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या १५ व्या कलमाने दोघांनाही बांधून टाकले आहे. बापाला दत्तक रद्द करता येत नाही व मुलाला माघारी जन्मघरी जाता येत नाही. आणि दत्तक मान्य करणे न करणे ही आपल्या मर्जीची गोष्ट आहे असे सरकार म्हणू लागले म्हणजे काय होते, हेही महाराष्ट्राने १८४८ साली सातारच्या गादीच्या वेळी चांगलेच अनुभविले आहे.

परक्या देशात वास्तव्य करून तेथील नागरिकत्व मागणारा मनुष्य हा असाच एक दत्तक होय. फरक इतकाच की, येथे मांडीवर घ्या असा अर्ज मुलालाच करावा लागतो. आज आमच्या पेठांतून ज्या घरचा कोणी मुलगा, पुतण्या वा भाचा अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडात नाही असे घर शोधावेच लागेल. आणि त्यांतील पुष्कळांच्या मनांत तेथील नागरिकत्वाचा अर्ज करावा की न करावा हा विचार घोळत असतो. वडीलधारी मंडळी या अर्जाकडे रेशनकार्डावर नाव चढविण्यासारखी एक कारकुनी बाब म्हणून पाहतात. ती तशी नाही. अमेरिकेत गेलेल्या हिंदी लोकांस या एका अर्जापायी काय काय सोसावे लागले, याची हकीकत आमच्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते, म्हणून ती आज थोड्या विस्ताराने देण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेने नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० साली केला. त्यात परदेशी मनुष्यास नागरिक होण्याची मुभा होती, पण ती केवळ 'स्वतंत्र गोऱ्या' मनुष्यास. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांस ती मुभा मिळाली. मधल्या सगळ्या जगाचे काय? चिनी, जपानी, हिंदी हे गोरे की नव्हेत? कायद्याने 'गोरा' शब्दाची व्याख्या दिली नव्हती. ती न्यायाधीशांवर सोपविली गेली, आणि न्यायाधीशांनी एखाद्या सराफाने सोन्याचा कस लावावा तसा माणसाच्या कातडीचा कस लावण्याचा उद्योग आरंभिला. भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी गृहस्थांचा अर्ज १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये मंजूर झाला व १९१० साली अपिलातही टिकला. त्यानंतर इतर काही हिंदी लोकांसही ठिकठिकाणच्या न्यायालयांनी नागरिक करून घेतले.

यानंतरचा प्रकार मात्र कायद्याच्या अभ्यासकास मान खाली घालावयास लावणारा आहे. ताकाओ ओझावा नावाचे एक जपानी गृहस्थ वीस वर्षे अमेरिकन अंमलाखालील मुलखात राहिले होते, तेथील विद्यापीठात शिकले होते व घरातही इंग्रजीच बोलत होते. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितले की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तुम्ही तसे नाही. लगेच पंजाबातील भगतसिंग थिंड यांचा दावा सुनावणीस आला. थिंड यांनी पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन सैन्यात चाकरी केली होती. त्यांचे म्हणणे असे की, तुमचेच वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानच्या लोकांस कॉकेशियन वंशात गणतात. तेव्हा तुमच्याच व्याख्येने मी गोरा ठरतो. फेब्रुवारी १९२३ मध्ये, म्हणजे पुरते चार महिनेही लोटले नाहीत तोच, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल लिहिला की, शास्त्र काय म्हणते हे महत्त्वाचे नव्हे, सामान्य मनुष्य 'गोरा' शब्दाने काय समजतो हे महत्त्वाचे! जपान्यास शास्त्र दाखवून बाहेर काढले आणि हिंदी मनुष्यास शास्त्र बाजूस सारून बाहेर काढले. हे न्यायमूर्ती स्वतः इंग्लंडात जन्मलेले व लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले होते, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

परंतु या दाव्यातील एक बाब अशी आहे की, तिच्यासंबंधाने दोष केवळ परक्यांच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येत नाही. थिंड यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्यात उच्चवर्णीय आर्यत्वाचा आधार घेतला होता. आमच्यात जातिबंधन इतके कडक आहे की आमचे रक्त मिसळलेले नाही. अमेरिकन मनुष्य नीग्रोशी विवाहसंबंधाच्या दृष्टीने जसा वागतो तसेच आम्ही आमच्याकडील मूळ रहिवाशांशी वागतो, असे चक्क न्यायालयापुढे मांडण्यात आले! ज्या जातिभेदाविरुद्ध महाराष्ट्रात ज्योतिबांपासून सुधारकांनी उभी हयात वेचली, तोच सातासमुद्रांपलीकडे चारित्र्याचा दाखला म्हणून पुढे करण्यात आला. वकिलास अशिलाचे काम कायद्याच्या चौकटीत राहूनच करावे लागते, व कायद्यानेच दुसरा मार्ग ठेवला नव्हता, हे आम्ही जाणतो. तरी दार अरुंद का, हे न विचारता आम्हीही त्या अरुंद दारातून जाण्याइतकेच आहोत व बाकीचे आमचे बांधव नाहीत, असे सांगणे हे मानी माणसाचे काम नव्हे. आणि इतके करूनही दार उघडले नाही ते नाहीच.

निकालाचा परिणाम नवे अर्ज फेटाळण्यापुरता राहिला असता तर एक वेळ सहन झाला असता. पण अमेरिकन सरकारने मागे वळून, पूर्वी ज्यांना रीतसर नागरिकत्व दिले होते त्या हिंदी लोकांवर दावे लावण्यास सुरुवात केली. तुमचे प्रमाणपत्र बेकायदा होते, ते परत करा! सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई हे १९१५ साली पत्नी कला व तीन मुलगे यांच्यासह तेथे गेले होते. दुकान थाटले, घर घेतले, १९२१ साली ब्रिटिश प्रजाजनत्वावर पाणी सोडून ते अमेरिकन नागरिक झाले. तेच आता काढून घेण्यात आले. कॅलिफोर्नियातील कायद्याप्रमाणे नागरिक होण्यास अपात्र अशा परकीयास जमीनजुमला धारण करता येत नव्हता. सबब मालमत्ता हातची गेली. हिंदुस्थानास जाऊन येण्यासाठी अमेरिकन पासपोर्ट मागितला तोही मिळाला नाही. जुने घर सोडलेले, नव्याने बाहेर घातलेले, अशा स्थितीत या गृहस्थाने १९२८ च्या मार्चमध्ये आत्महत्या केली व आपल्या मरणाचे कारण वर्तमानपत्रास पत्र लिहून कळविले. आमच्या व्यापारी वाचकांनी क्षणभर स्वतःस त्याच्या गादीवर बसवून पाहावे. दिवाळे निघाले असते तर हा मनुष्य पुन्हा उभा राहिला असता. पण येथे दुकानदाराची पत गेली नव्हती, तो कोठला म्हणून उभा राहणार हेच गेले होते.

या सर्व अंधारात एका माणसाने सरकारशी झुंज घेतली व जिंकली. त्याचे नाव सखाराम गणेश पंडित. हे नाव आमच्या कोणाही वाचकास आपल्या आळीतल्या एखाद्या गृहस्थाचे वाटेल. पंडित १९१४ साली अमेरिकन नागरिक झाले, पुढे लॉस एंजेलिस येथे वकिली करू लागले, आणि थिंड यांच्या वकिलांत तेही होते. सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. पंडितांनी यावेळी वंशाचा व वर्णाचा वाद सोडून दिला, आणि प्राङ्न्यायाचा धरला. १९१४ साली माझा अर्ज न्यायालयापुढे उघडपणे चालला. सरकारला हरकत घेण्याची संधी होती. निकाल झाला, त्यावर विसंबून मी वकिलीची सनद घेतली, संसार मांडला. आता त्याच प्रश्नाची मढी उकरण्याचा सरकारला अधिकार काय? ते परके ठरते तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणे त्यांच्या अमेरिकन पत्नीचे नागरिकत्वही धोक्यात येत होते. १९२६ साली अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची विनंती ऐकण्याचे नाकारले, आणि हिंदी नागरिकांवरील या दाव्यांची मोहीम थंडावली. थिंड यांच्या दाव्यात आम्ही कोण आहोत हा प्रश्न होता. पंडितांच्या दाव्यात सरकारने काय केले आहे हा प्रश्न होता. पहिल्या प्रश्नात दुर्बळ पक्ष नेहमीच हरतो. दुसऱ्यात जिंकण्याची त्यास निदान आशा तरी असते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. महायुद्धातील सैनिकांसाठी झालेल्या १९३५ च्या कायद्याचा लाभ घेऊन थिंड १९३६ साली अखेर नागरिक झाले. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि वर्षास अवघ्या १०० माणसांच्या प्रवेशाची उदारता दाखविली! १९५२ साली वंशाची अट सर्वांसाठीच गेली. दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले व १९५६ साली तेथील लोकप्रतिनिधिगृहात निवडूनही आले. आज तेथे कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर सामान्यतः पाच वर्षांनी अर्ज करता येतो. मात्र तो परवाना मिळण्याच्या रांगेत जन्मदेशावरून हिस्सा ठरतो, म्हणून हिंदी लोकांच्या वाट्यास वर्षानुवर्षांची प्रतीक्षा येते. वर्ण गेला तरी जन्म अद्याप गेलेला नाही. आणि परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच आमच्या कायद्याच्या ९ व्या कलमाने भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, हे अर्ज करणाऱ्यांनी विसरू नये. परदेशस्थ भारतीय नागरिक असे भारदस्त नाव असलेले जे कार्ड मिळते त्याने मतदानाचा अधिकार मिळत नाही व शेतजमीन घेता येत नाही. नाव मोठे, पण ते नागरिकत्व नव्हे.

आता आमच्या घराकडे वळू. परक्याने आम्हांस कसे वागविले याचा पाढा वाचणे सोपे आहे. आमच्या दारी आलेल्या परक्यास आम्ही कसे वागवितो? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे देशीयकरणासाठी अर्ज करणाऱ्या परदेशी मनुष्याने अर्जापूर्वीचे बारा महिने सलग व त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षे येथे राहिलेले असावे लागते. शील चांगले हवे, घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी यावी लागते, आणि जुने नागरिकत्व सोडावे लागते. (२०१९ च्या दुरुस्तीने काही देशांतून आलेल्या काही धर्मीयांस जी वेगळी सवलत दिली तो स्वतंत्र व मोठ्या वादाचा विषय आहे; त्यात आज शिरत नाही.) या सर्वसाधारण अटींत आम्हांस गैर काही दिसत नाही. वंश व वर्ण तेथे नाही; उलट मराठी शिकलेला परदेशी मनुष्य केवळ तेवढ्याने एक अट पुरी करतो, ही आम्हांस भूषणाची गोष्ट वाटते. व्हेरिअर एल्विन १९५४ साली भारतीय झाले. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहिल्या, सत्यशोधक चळवळीवर त्यांनी ग्रंथ लिहिले व १९८३ साली त्या भारतीय नागरिक झाल्या. असे दत्तक घरास शोभाच आणतात.

आमचा आक्षेप आहे तो १४ व्या कलमावर. अर्ज मंजूर वा नामंजूर करणे सरकारच्या विवेकावर सोपविलेले आहे, आणि मंजुरीची वा नामंजुरीची कारणे देण्यास सरकार बांधलेले नाही असे ते कलम स्पष्ट शब्दांत म्हणते. म्हणजे बारा वर्षे येथे काढलेला, भाषा शिकलेला, कर भरलेला मनुष्य अर्ज करतो, आणि त्यास 'नाही' एवढेच उत्तर मिळू शकते. पुनर्विलोकनाची तरतूद कायद्यात आहे. घटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयाचा दरवाजाही सर्वस्वी बंद होत नाही. पण ज्या निकालाची कारणेच ठाऊक नाहीत त्याविरुद्ध तक्रार तरी काय मांडावयाची? याच कायद्याचे १० वे कलम पाहावे. दिलेले नागरिकत्व काढून घ्यावयाचे तर सरकारला लेखी नोटीस द्यावी लागते, कारणे सांगावी लागतात, आणि बहुतेक प्रकरणी चौकशी समितीपुढे जाण्याचा हक्क त्या मनुष्यास आहे. बगाईंवर आलेला प्रसंग येथे सहजासहजी येऊ नये याची काळजी आमच्या विधिकर्त्यांनी घेतली, याबद्दल त्यांस धन्यवादच दिले पाहिजेत. पण घरातून काढताना जी रीत पाळावयाची, तिचा अर्धा भाग तरी दारात उभ्या असलेल्यासाठी का नसावा?

यावर असे म्हणतील की, नागरिकत्व देणे ही राष्ट्राची कृपा आहे, ते मागणाऱ्याचा हक्क नव्हे. शिवाय कारणे उघड केल्यास राज्याच्या सुरक्षिततेस बाध येईल. दुसरी अडचण खरी आहे, आणि तेवढ्याच प्रकरणांपुरता अपवाद ठेवण्यास आमची हरकत नाही. पहिली मात्र आमच्या देशाची नव्हे, ती इंग्रजांची उसनवारी आहे. कारणे न देण्याची ही तरतूद १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यात होती. तेथून ती आमच्या कायद्यात उतरली. विलायतेत काय झाले? फायेद बंधूंच्या अर्जासंबंधाने तेथील अपील न्यायालयाने १९९६ साली असा निर्णय दिला की, कारणे देण्याचे बंधन नसले तरी अर्जदारास आक्षेपाचे स्वरूप कळवून उत्तराची संधी देणे न्याय्य आहे; आणि २००२ साली पार्लमेंटने ती तरतूदच काढून टाकली. इंग्रजाने आपल्या अंगावरून उतरवून ठेवलेला कोट आम्ही मात्र अद्याप घालून बसलो आहों!

करावयाची दुरुस्ती लहान आहे. १४ व्या कलमातून कारणे न देण्याची सवलत काढावी. नामंजुरीपूर्वी आक्षेप लेखी कळवून उत्तरास साठ दिवस द्यावेत. आणि सुरक्षिततेच्या सबबीवर कारणे रोखावयाची असतील तर ती उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास मोहोरबंद दाखवावीत. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ सभासद जातात. शुक्रवारी खासगी सभासदांच्या विधेयकांस वेळ राखलेला असतो, आणि एवढे विधेयक एका पानावर मावेल.