ब्रॉयलर कोंबडी इतकी भरभर का वाढते?

मालाडच्या एक भगिनी विचारतात, "ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोंची होते. सासूबाई म्हणतात, तिला इंजेक्शने टोचतात, ती खाऊन मुली लवकर वयात येतात. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला कोंबडी द्यावी की नाही?"

अवश्य द्या. सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, पण ही वाढ इंजेक्शनाची नव्हे, वंशाची आहे. वाढीचे हार्मोन खाद्यातून दिले तर पचून जाते. ते पुन्हा पुन्हा टोचावेच लागेल. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये हे करणार कोण, आणि परवडणार कुणाला?

खाण तशी माती, हेच खरे. भरल्या छातीचे कॉर्निश नर आणि प्लायमाउथ रॉक माद्या यांच्या संकरातून ब्रॉयलर आले. पुढे दर पिढीतले लवकर भरणारे पक्षीच पैदाशीला ठेवले गेले. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा 'व्हेनकॉब' याच वाटेने आला. कॅनडात १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वंश एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेले हे आकडे पाहा: ५६ दिवसांनी वजने भरली सुमारे ९००, १८०० आणि ४२०० ग्रॅम! खाद्य तेच, फरक वंशाचा.

या घाईची किंमतही आहे. छातीच्या मांसावर कधी पांढऱ्या रेघा दिसतात, ती चरबी असते. खायला अपाय नाही, पण मांस थोडे कमी कसाचे. असा तुकडा नको असेल तर तंगडी मागा.

गावठी कोंबडी सावकाश वाढते, जून होऊन कापली जाते. म्हणून चव दाट आणि मांस चिवट. ती मंद आचेवर तासभर शिजू द्या. ब्रॉयलरला अर्धा तास पुरे. नुसती रंगीत पिसे पाहून गावठीचे पैसे मोजू नका, रंगीत ब्रॉयलरही असतात. छातीच्या हाडाचे टोक दाबून पाहा: लवचीक असेल तर पक्षी कोवळा.

आणि धास्ती घ्यायचीच तर अँटिबायोटिक्सच्या गैरवापराची घ्या. त्याने औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. म्हणून कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा, हात साबणाने धुवा, हाडाजवळ लाली राहणार नाही इतके शिजवा. मग लेकीच्या ताटात निर्धास्तपणे वाढा, आणि सासूबाईंनाही हे वाचून दाखवा!