लाइट बिलात लाइट किती?

आपल्याकडे विजेचे बिल येत नाही. येते ते ‘लाइट बिल’! वीज गेली तरी आपण म्हणतो, ‘लाइट गेली.’ या एका शब्दाने घरोघरी केवढा अन्याय चालतो, ते मला जासईला मावशीच्या घरी कळले.

उरणचे वायुविद्युत केंद्र जासईहून काही फार लांब नाही. पण वीज शेजारी तयार होते म्हणून कुणी ती फुकट देत नाही. बिल वाढले, की मावशी आधी मागल्या खोलीतला दिवा मालवते. तिथे तिची नात दहावीचा अभ्यास करीत असते. पोर मुकाट्याने पुस्तक उचलून टीव्हीच्या गोंगाटात येऊन बसते.

मी कागद-पेन्सिल घेतली. हजार वॅटची वस्तू तासभर चालली, की एक युनिट होते. नातीचा एलईडी दिवा ९ वॅटचा. एका युनिटात तो १११ तास चालेल; रोज ३ तास लावला, तर ३७ दिवस! न्हाणीघरातला २००० वॅटचा गिझर मात्र पाणी तापवताना तेच युनिट अर्ध्या तासात गिळतो. जुना ७५ वॅटचा पंखा १३ तासांत एक युनिट खातो. नव्या ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला तेवढेच ३३ तास पुरते.

‘‘अगं, आमच्या वेळी घरात वीज म्हणजे एक दिवाच होता,’’ मावशी म्हणाली. ‘‘वाचवायचं तर तोच मालवायचा ना?’’

तिचे म्हणणे त्या काळी खरेच होते. आता घर बदलले. शब्द तेवढा जुनाच राहिला.

वाचकहो, महावितरणच्या घरगुती दरात महिन्याची पहिली १०० युनिटे स्वस्त, त्यापुढची महाग. म्हणजे वाचवलेले युनिट आधी महागातले वाचते. तेव्हा अभ्यंगस्नाने लागोपाठ उरका आणि लगेच गिझर बंद करा. टीव्ही रिमोटवर न सोडता भिंतीवरच्या बटणाने बंद करा. मग मीटरवरचा लुकलुकणारा तांबडा ठिपका पाहा. वापर जास्त, तितकी त्याची घाई जास्त. घरातले सगळे बंद करूनही तो लुकलुकत राहिला, तर काहीतरी चालू राहिले आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे, असे समजून वायरमनला बोलवा.

आणि मुलांच्या अभ्यासाचा दिवा? तो खुशाल जळू द्या. घरातला सर्वांत स्वस्त खर्च तोच आहे.