शब्दांचे गणगोत : बैलाच्या मानेवरचे जू

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या शाळकरी पोरापुढे जू ठेवले, तर ते कशाचे लाकूड म्हणून विचारील. आजोबा मात्र त्याला हात लावूनच सांगतील, बैल केवढा असेल ते. या एकाक्षरी शब्दाचे भाऊबंद कुठवर पसरले आहेत, ते पाहण्यासारखे आहे.

संस्कृतात हा शब्द ‘युग’. ऋग्वेदात तो जुवासाठीही येतो. प्राकृतात मधला ‘ग’ गळाला, ‘जुअ’ झाले आणि आपल्या तोंडी ‘जू’ राहिले. बैलाच्या गळ्यातले जोत ‘योक्त्र’पासून आले, तेही त्याच ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूचे. योगही त्यातलाच. योगासने करणाऱ्या शहरी मंडळींना हे सांगून पाहा!

आता परमुलखात चला. लॅटिनमध्ये ‘युगुम’, ग्रीकमध्ये ‘झुगोन’, जर्मनमध्ये ‘योख’, इंग्रजीत ‘योक’, रशियनमध्ये ‘इगो’. तुर्कस्तानात सापडलेल्या हिटाइट लोकांच्या तीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्यांवरही ‘युकन’ आहे.

मग रशियनांनी शब्द आपल्याकडून नेला काय? काही जण छाती फुगवून तसे सांगतात, पण ते खरे नव्हे. सातबाऱ्यावर चुलतभावांची नावे वेगवेगळी असतात, म्हणून एकाने दुसऱ्याची जमीन घेतली असे होत नाही. आजोबा एक असतो. इथल्या आजोबाचे नाव कुठल्याच दप्तरात नाही. नातवंडांचे तोंडवळे जुळवून पंडितांनी ते ठरवले. रशियन, पोलिश, झेक या स्लाव्ह भाषांच्या आईचेही तसेच. त्यांचे लिखाण नवव्या शतकात सुरू झाले, त्याआधीचा ‘यिगो’ हा शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. म्हणून असा शब्द छापताना त्याच्यापुढे तारका घालतात. जुळवून काढलेला आहे, लिहिलेला सापडलेला नाही, असा तिचा अर्थ.

रशियात पुढे एक झाले. शेतातल्या जुवाला ‘यार्मो’ हा दुसरा शब्द रुळला आणि ‘इगो’ उरला तो गुलामगिरीपुरता. १२४० ते १४८० या मंगोल अमलाला ते लोक इगोच म्हणतात. शब्द वाचला, पण शेतातून उठला. ट्रॅक्टर आल्यापासून आपल्याकडेही तेच चालले आहे. जू निदान कोशात तरी आहे. त्याच्या खुंट्या, दोऱ्या, वाद्या यांची गावोगावची नावे पुष्कळदा तिथेही नाहीत.

तुमच्या घरी माळ्यावर जू असेल, तर ते खाली काढून वडीलधाऱ्यांना एकेका भागाचे नाव विचारा आणि आम्हाला कार्डावर लिहून पाठवा. गाव आणि तालुका तेवढा लिहायला विसरू नका.