चकाकणारी झिलई आणि आपले पोट

लोणच्याचे दिवस आले की फडताळातली चिनी मातीची बरणी खाली उतरते. चांगली, कडक भाजलेली बरणी लोणच्याला उत्तमच. मात्र अलीकडे प्रदर्शनांतून आणि सहलींतून हौसेने आणलेली निळी-हिरवी, नक्षीदार भांडीही स्वयंपाकघरात शिरली आहेत. लोणचे, चिंचेची चटणी, दही त्यांत सर्रास ठेवले जाते. त्याविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते.

मातीच्या भांड्यावर काचेसारखा जो थर असतो त्याला झिलई किंवा ग्लेझ म्हणतात. गारेची पूड, फेल्स्पार, माती आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडे पाण्यात कालवून भांडे त्यात बुडवतात व भट्टीत भाजतात. निळा रंग कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, तपकिरी लोखंडाचा. नुसती गार वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती लवकर वितळावी म्हणून मिश्रणात आणखी काही घालावे लागते. शिसे हे काम फार सोपे करते. जळण वाचते आणि चकाकी अशी येते की गिऱ्हाईक थबकलेच पाहिजे. शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. जयपूरच्या निळ्या भांड्यांच्या पारंपरिक झिलईतही ते वापरले जाई.

मिश्रणाचे प्रमाण चुकले किंवा भांडे कच्चे भाजले गेले, की आंबट पदार्थ झिलईतले शिसे बाहेर ओढतो. तांब्याचा हिरवा रंग असेल तर ते अधिकच सुटते. पदार्थाची चव बिघडत नाही, वास येत नाही. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, थकवा ही तक्रार घेऊन दवाखान्यात रोजच माणसे येतात. त्यात शिशाचा संशय सहसा कोणाला येत नाही. पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषते. मेंदूच्या वाढीला धक्का बसतो, मूल अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला आळशी म्हणतो! गरोदर स्त्रीच्या रक्तातून शिसे गर्भापर्यंतही पोचते. रक्तातली शिशाची अमुक पातळी निर्धोक, असे सांगताच येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

सर्वांत आधी धोका असतो तो झिलई कालवणाऱ्याला. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत भांडी बुडवणाऱ्या कामगारांचे मनगट लुळे पडे, स्त्रियांचे गर्भपात होत. तेथील सरकारने नेमलेल्या थॉर्प आणि ऑलिव्हर यांनी १८९९ सालीच सांगितले, की बऱ्याच मालाची झिलई शिशावाचून होऊ शकते. शंभराहून अधिक वर्षे लोटली. आता तरी आपण ते ऐकावे.

कुंभाराची कला बंद पडावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. टाकणखाराच्या काचेची पूड वापरूनही झिलई कमी उष्णतेवर वितळते. कारागिराला असे मिश्रण माफक दरात मिळवून देणे आणि बाजारातील भांडी तपासणे, हे सरकारचे काम आहे. ४ टक्के ॲसेटिक आम्लात भांडे २४ तास ठेवून उतरलेले शिसे मोजण्याची पद्धत रूढ आहे. विक्रेत्यानेही भांडे अन्नासाठी की शोभेसाठी, हे त्यावर स्पष्ट छापले पाहिजे.

तोपर्यंत आपण काय करावे? विकत घेताना ‘झिलई शिसेविरहित आहे का?’ असे विचारावे. खात्रीचे उत्तर नसेल तर भांडे खुशाल शोकेसमध्ये ठेवावे. आंबट किंवा गरम पदार्थ त्यात घालू नये. झिलईला तडे गेलेले, टवका उडालेले किंवा आंबटाने निस्तेज झालेले भांडे अन्नाला वापरू नये. उकळून किंवा घासून शिसे जात नाही. घरी झिलई करणाऱ्यांनी कोरडी पूड उडू देऊ नये, तेथे खाऊ नये, विडी ओढू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये. संशय असल्यास रक्तातील शिशाची तपासणी करता येते. डॉक्टरांना भांड्यांविषयी आवर्जून सांगावे.

भांड्याचा रंग डोळ्यांना आवडला, एवढ्यावरून ते पानात घेऊ नका. विकणाऱ्याला प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले, की झिलईतले शिसे आपोआप कमी होईल.