चार प्रश्नचिन्हं

शनिवार सकाळ, दुसरा चहा झालाय, आणि परवाचा एक कोड रिव्ह्यू अजून डोक्यातून जात नाहीये. टीममधल्या नव्या मुलानं हॅश काढणाऱ्या फंक्शनसाठी युनिट टेस्ट लिहिली होती. इनपुट द्यायचं, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचं. दिसायला झकास. मी विचारलं, "हे अपेक्षित उत्तर कुठून आणलंस रे?" तर म्हणाला, "फंक्शन एकदा चालवलं, जे आलं ते कॉपी केलं."

हसू नका मंडळी, हे आपण सगळ्यांनी केलंय. स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच तो पैकीच्या पैकी मार्क देऊन तपासायचा, असा हा प्रकार. इतर कोडमध्ये तो एक वेळ खपून जातो. व्याजाचा हिशेब चुकला तर आकडा बघून कुणाला तरी शंका येते, यादी उलटी लागली तर डोळ्यांना दिसते. हॅशचं तसं नाही. बरोबर हॅश आणि चुकलेला हॅश, दोन्ही सारखेच अगम्य! म्हणून माझं ठाम मत आहे की हॅशच्या टेस्टमधलं अपेक्षित उत्तर आपल्या कोडमधून येताच कामा नये. ते बाहेरून यायला हवं.

बाहेर ते फुकट मिळतं. एमडी५ ज्यात मांडला गेला त्या १९९२ सालच्या आरएफसी १३२१ मध्येच सात नमुने उत्तरांसकट दिलेत. त्यांच्या लांब्या बघा: ०, १, ३, १४, २६, ६२ आणि ८० बाइट. आता गंमत अशी की एमडी५, शा-१, शा-२५६ ही सगळी मंडळी मजकूर ६४ बाइटच्या ठोकळ्यांत खातात. मजकूर संपला की एक खुणेचा बाइट, मग शून्यं, आणि शेवटच्या ८ बाइटमध्ये मजकुराची लांबी. म्हणजे ५५ बाइटचा मजकूर एका ठोकळ्यात जेमतेम बसतो आणि ५६ चा झाला की दुसरा ठोकळा उघडावा लागतो. चुका याच काठावर दबा धरून बसतात, आणि एमडी५च्या सात नमुन्यांत नेमका काठच नाही. शा-१च्या मानकातला एक नमुना मात्र बरोब्बर ५६ बाइटचा आहे. तो बघितला की मला उगाच बरं वाटतं.

"हे लायब्ररी लिहिणाऱ्यांचं दुखणं झालं, आम्ही तयार लायब्ररी वापरतो," असं कुणीतरी म्हणणारच. बरं, मग लायब्ररीवाल्यांचं ऐका. शा-३ निवडण्यासाठी अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं जगभरच्या तज्ज्ञांची स्पर्धा घेतली होती. त्यात आलेल्या ८६ नमुना-कोडांवर निकी माउहा आणि सहकाऱ्यांनी साध्या कल्पनांच्या टेस्ट लावल्या: मजकुरातला एक बिट बदलला तर हॅश बदलतो का, मजकुराच्या पलीकडचा बिट बदलला तर हॅश तसाच राहतो का, तोच मजकूर तुकड्या-तुकड्यांनी दिला तर उत्तर तेच येतं का. २०१८ साली त्यांनी निकाल छापला. ८६ पैकी ४१ मध्ये बग! अंतिम फेरीत पोचलेल्या ब्लेकच्या कोडमधला बग सात वर्षं कुणाला दिसला नव्हता. पुढे २०२२ मध्ये माउहांनीच जिंकलेल्या केच्चाकच्या मूळ टीमच्या कोडमध्ये बफर ओव्हरफ्लो शोधला. तो २०११ पासून तिथे होता आणि त्या कोडबरोबर पायथन आणि पीएचपीमध्येही पोचला होता. तो बाहेर पडायला सुमारे ४ जीबीचा तुकडा द्यावा लागे, आणि इतकं मोठं इनपुट युनिट टेस्टमध्ये कोण देतंय?

पण लायब्ररी शंभर टक्के बरोबर असली तरी आपण माती खाऊ शकतो. मी खाल्लीय.

२००९ ची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जांचं एक काम होतं. एकाच मुलाचे दोन अर्ज येऊ नयेत म्हणून मी नाव, आडनाव आणि जन्मतारीख जोडून त्याचा हॅश काढला आणि तीच किल्ली केली. टेस्ट लिहिल्या होत्या, नमुने बाहेरून घेतले होते, सगळे दिवे हिरवे. मग तक्रारी यायला लागल्या. एक मुलगी तालुक्याच्या गावी दोन खेपा घालून गेली आणि दोन्ही वेळा तिला सांगितलं गेलं, "तुमचा अर्ज आधीच दाखल आहे." तिनं तर भरलाच नव्हता. मुदत संपायला चार दिवस होते.

झालं काय, तर जावामध्ये मजकुराचे बाइट करताना मी एन्कोडिंग सांगितलंच नव्हतं. माझ्या लिनक्स मशीनवर आपोआप यूटीएफ-८ लागायचं. गिऱ्हाइकाचा सर्व्हर विंडोजचा, इंग्रजी सेटिंगचा. तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह व्हायचं. रमेश म्हणजे चार प्रश्नचिन्हं, गणेश म्हणजेही चार प्रश्नचिन्हं. लांबी सारखी, जन्मतारीख सारखी, की दोन माणसं एक! शा-१ आपलं काम चोख करत होता, प्रश्नचिन्हांचा अगदी अचूक हॅश काढत होता. आणि माझ्या टेस्टमधली सगळी नावं इंग्रजीत होती. मराठी मुलांच्या अर्जांसाठी, मराठी माणसानं लिहिलेल्या टेस्ट. दुरुस्ती एका ओळीची होती. अडकलेले अर्ज हातानं शोधून काढायला तीन रात्री लागल्या. (जावानं यूटीएफ-८ सगळीकडे डीफॉल्ट केलं ते २०२२ मध्ये, आवृत्ती १८ पासून. जुने सर्व्हर मात्र अजून कुठे कुठे घरघरतायत.)

तर त्या नव्या मुलाला मी कामाला लावलंय. मानकातले नमुने, ५५, ५६ आणि ६४ बाइटचे मजकूर, तेच मजकूर एकेक बाइट करून, आणि रमेश-गणेश. काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला की सगळं हिरवं झालंय, फक्त 'कऱ्हाडे' हे आडनाव दोनदा टाकलं तर दोन वेगळे हॅश येतायत. एकात 'ऱ' हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यात 'र' आणि खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

त्याला ते आपणहून सापडलं, याचाच मला जास्त आनंद झालाय :-) सोमवारी बसतो दोघं.